साप पेटीत सारखा येरझारा घालतोय, कारण शोधायचं कसं

एरवी दिवसभर वेटोळं घालून पडून राहणारा बॉल पायथन किंवा कॉर्न स्नेक (हे घरात पाळले जाणारे परदेशी साप) अचानक रात्रभर फिरायला लागतो, काचेवर नाक घासतो, झाकणाच्या फटीत तोंड घालतो, आणि घरातले म्हणतात बोअर झाला असेल, काढा जरा बाहेर. माझं म्हणणं, हात नंतर लावा, आधी थर्मामीटर लावा.

कारण सापाला शरीरातली उष्णता आतून तयार करून टिकवता येत नाही. आपल्याला गरम झालं तर घाम येतो, थंडी वाजली तर हुडहुडी भरते, बसल्या जागी काम होतं. सापाचं तसं नाही (आपल्याकडच्या अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून अंग थरथरवते आणि खरंच ऊब तयार करते, पण तो अपवाद), त्याला ऊब हवी तर उबेच्या जागी जायचं, नको तर गारव्याला, म्हणजे जागा बदलणं हीच त्याची तापमान सांभाळायची पद्धत आणि खाल्लेलं पचणंसुद्धा त्यावरच अवलंबून. आता पेटीत हवी ती जागाच नसेल तर तो शोधतच राहणार, आणि बाहेरून बघणाऱ्याला ते अस्वस्थ वाटणार.

बॉल पायथनला पेटीचं एक टोक साधारण 31 ते 33 अंश आणि दुसरं 25 ते 27 अंश लागतं. बडोद्यात मे महिन्यात बाहेर 42-43 असतं, एसी बंद करून सगळे ऑफिसला गेले की बंद खोली दुपारी सहज 36-37 ला जाते, मग पेटीला गार टोक उरतच नाही, सगळीकडे गरमच, आणि वर हीट मॅट (पेटी गरम ठेवणारी विजेची चटई) चालू राहिली असेल तर विचारूच नका. अशा वेळी साप पाण्याच्या भांड्यात जाऊन बसतो. जानेवारीत उलटं होतं, रात्री गारठा पडला की लोक थर्मोस्टॅट न लावता मॅट फुल ठेवतात आणि सापाचं पोट भाजतं. काचेवर चिकटवलेला गोल थर्मामीटर हवेचं तापमान सांगतो, साप तर जमिनीवर असतो, त्यामुळे प्रोब (वायरच्या टोकाला सेन्सर असलेला थर्मामीटर) खाली, दोन्ही टोकांना ठेवून बघायचं.

तापमान ठीक असेल तर पुढचा प्रश्न मी हादऱ्यांचा विचारेन, आणि आपल्या गावात तर तो विचारायलाच हवा. साप बहिरा असतो असं सगळेच म्हणतात पण ते अर्धवट खरंय. त्याला बाहेरचा कान नाही, कानाचा पडदाही नाही, पण आतला कान आहे आणि तो एका बारीक हाडाने जबड्याशी जोडलेला आहे, म्हणजे जबडा जमिनीला टेकला की जमिनीची थरथर सरळ आत पोचते. 2012 मध्ये बॉल पायथनवरच झालेल्या अभ्यासात दिसलं की 80 ते 160 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे खालच्या जाड आवाजाच्या पट्ट्यात, त्याला सगळ्यात चांगलं कळतं, आणि मोठा आवाज हवेतून आला तरी त्याने कवटी थरथरते आणि ते त्याला जाणवतं. आता नवरात्रात शेजारच्या मैदानावर गरबा सुरू झाला की ढोल आणि स्पीकरचा बास बराचसा याच पट्ट्यात येतो, आपल्या खिडक्या थरथरतात तिथे जमिनीवर ठेवलेल्या पेटीतल्या सापाचं काय होत असेल. तेवढ्या रात्री पेटी आतल्या खोलीत न्या, खाली जाड फोम घाला आणि त्या दिवसांत खायला घालायचा आग्रह धरू नका, घाबरलेला साप खाल्लेलं बाहेर टाकतो.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट होते आणि गोंधळ वाढतो. थंडीच्या तोंडाला बॉल पायथनचा प्रजननाचा काळ सुरू होतो, वयात आलेला नर खाणं सोडून मादी शोधत रात्र रात्र फिरतो. हा आजार नाही. दर आठवड्याला किचनच्या काट्यावर वजन करा, वजन टिकून असेल तर थांबा, दहा टक्क्यांहून जास्त उतरलं तर मात्र दाखवा. कात टाकायच्या आधीची चुळबुळ तर अगदी साधी, डोळे दुधाळ होतात, मग परत स्वच्छ होतात आणि काही दिवसांत कात निघते, तेव्हा फक्त ओलावा वाढवायचा. भुकेला साप संध्याकाळी फिरतो तेही नॉर्मलच.

पण सारखा पाण्यात बसत असेल आणि तापमान बरोबर असेल तर गोचिडीसारखे बारीक काळे माइट्स (रक्त पिणारे जीव) बघा, डोळ्याच्या कडेला आणि हनुवटीखालच्या खवल्यांत. पेटीत पांढरा टिश्यू पेपर अंथरला की काळे ठिपके लगेच दिसतात. आणि प्लीज, दुकानातून आणलेला कुठलाही स्प्रे मारू नका. डासांच्या लिक्विडमध्ये आणि दिवाळीच्या पेस्ट कंट्रोलमध्ये बहुतेक वेळा पायरेथ्रॉइड असतात, ते मज्जातंतूंमधले सोडियम आत जायचे दरवाजे उघडेच ठेवतात, मज्जातंतू सारखे संदेश पाठवत राहतात, आणि त्यातून साप थरथरतो, वेडावाकडा वळतो. सापाच्या खोलीत डासांचं मशीन लावूच नये असं माझं ठाम मत आहे, जाळी लावा.

फिरणं वेगळं आणि तोल जाणं वेगळं, हा फरक ओळखता आलाच पाहिजे. डोकं वर करून आकाशाकडे बघत राहणं, उलटा केला तर सरळ होता न येणं, मान पिळवटणं, ही मज्जासंस्थेची लक्षणं आहेत. अजगर आणि बोआ गटात रेप्टअरेना नावाच्या विषाणूने असा आजार होतो आणि त्यावर उपाय नाही. स्पायडर नावाने विकला जाणारा बॉल पायथन मात्र जन्मापासूनच डोकं डुलवतो, त्याच्या आतल्या कानाची घडणच बिघडलेली असते, म्हणून तो विकत घेऊच नये.

हे सगळं परदेशी सापांबद्दल आहे. धामण, दिवड, अजगर हे आपले साप घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि बॉल पायथन साइटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत असल्यामुळे 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी लागते.

डॉक्टरकडे जाताना मोबाइलवर रात्रीचा व्हिडिओ घेऊन जा, कारण क्लिनिकमध्ये साप हमखास गप्प पडून राहतो, आणि सोबत दोन्ही टोकांची तापमानं, वजन, शेवटचं खाणं आणि शेवटची कात कधी ते लिहून न्या. कुत्रा-मांजर बघणारे सगळेच डॉक्टर साप बघत नाहीत, त्यामुळे कोण बघतं ते साप बरा असतानाच विचारून ठेवा.