पॉइंट टू-टू रायफल आणि हौशी नेमबाजी

पॉइंट टू-टू रायफल : ०.२२ इंच, म्हणजे सुमारे ५.६ मिमी व्यासाच्या नळीची, कमी शक्तीचे काडतूस वापरणारी रायफल. नेमबाजीचे प्राथमिक शिक्षण, क्लबातील हौशी सराव आणि ५० मीटरच्या ऑलिंपिक स्पर्धा या तिन्ही ठिकाणी हीच रायफल वापरली जाते. एनसीसीच्या शिबिरात पालथे पडून, दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट धरून ज्यांनी पहिल्या पाच गोळ्या झाडल्या आणि मग निशाणाच्या कागदावर आपला ‘ग्रुप’, म्हणजे गोळ्यांच्या छिद्रांचा पुंजका, शोधला, त्या बहुतेकांची बंदुकीशी पहिली ओळख हिच्यापासूनच झालेली असते.

या रायफलीचे गुण आणि मर्यादा तिच्या काडतुसात दडलेल्या आहेत. १८४५ च्या सुमारास फ्रान्समधील बंदूक-कारागीर फ्लोबेर याने घरात नेम धरण्याच्या करमणुकीसाठी अगदी लहान काडतूस बनवले. १८५७ मध्ये अमेरिकेतील स्मिथ अँड वेसन कंपनीने ०.२२ शॉर्ट हे काडतूस आणले आणि १८८७ मध्ये तेथीलच स्टीव्हन्स कंपनीचे ‘०.२२ लाँग रायफल’ नावाचे काडतूस आले, जे आजही जवळजवळ त्याच रूपात जगभर वापरले जाते. त्याच्या पितळी कवचाच्या पोकळ कडेत स्फोटक मसाला भरलेला असतो. खटक्याची बोथट पट्टी ती कड चेपते आणि त्या आघाताने मसाला पेट घेतो. कड एकदा चेपली की कवच पुन्हा भरता येत नाही. मात्र या साध्या रचनेमुळे काडतूस स्वस्त पडते, आणि हौशी नेमबाजाला दिवसाकाठी पन्नास-शंभर गोळ्या झाडणे परवडते. शिसाची साधारण २.६ ग्रॅमची गोळी नळीतून सुमारे १४० ज्यूल ऊर्जेने निघते. रायफलीचा धक्का खांद्याला जेमतेम जाणवतो, त्यामुळे चाप ओढताना डोळे मिटण्याची किंवा खांदा आवळण्याची सवय नवशिक्याला लागत नाही. मोठ्या बोअरच्या, म्हणजे नळीच्या मोठ्या व्यासाच्या, रायफलीवर थेट सुरुवात करणाऱ्यांची ही सवय पुढे मोडता मोडत नाही, आणि नेमबाजीचे शिक्षक पॉइंट टू-टूचा आग्रह धरतात तो मुख्यतः याच कारणासाठी.

छंद म्हणून हिचा प्रसार प्रथम ब्रिटनमध्ये झाला. दक्षिण आफ्रिकेतील बोअर लोकांशी झालेल्या युद्धात आपल्या सैनिकांचा नेम कच्चा असल्याचे उघड झाल्यावर सेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्यासारख्यांच्या पाठिंब्याने १९०१ पासून गावोगावी लहान बोअरचे रायफल क्लब निघाले आणि गिरणी कामगारांपासून कारकुनांपर्यंत अनेकजण संध्याकाळी बंदिस्त रेंजवर जमू लागले. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये या रायफलीच्या स्पर्धा झाल्या. अमेरिकेत मात्र ती शेतावरच्या, परसातल्या मोकळ्या करमणुकीची रायफल ठरली. तेथे १९६४ मध्ये आलेली, दहा गोळ्यांच्या फिरत्या मॅगझिनची रुगर १०/२२ ही रिकामे डबे आणि लोखंडी चकत्या पाडण्याच्या खेळाची जणू ओळखच बनली.

रायफल निवडताना खरेदीदार आधी कंपनीचे नाव विचारतो, पण खरे म्हणजे पहिला प्रश्न अंगाला बसण्याचा असतो. दस्ता खांद्याला लावल्यावर मान न ताणता गाल आपोआप दस्त्यावर टेकला पाहिजे आणि डोळा न शोधता साईटच्या (नेम धरण्याच्या खुणांच्या) रेषेत आला पाहिजे. दस्ता लांब असेल तर नेमबाज मागे झुकून तोल सावरतो, आणि आखूड असेल तर नाक बोल्टच्या, म्हणजे काडतूस नळीत ढकलणाऱ्या दांड्याच्या, जवळ येते. कोणता डोळा प्रबळ आहे हेही आधी पाहावे लागते, कारण उजव्या हाताने काम करणाऱ्या पुष्कळांचा डावा डोळा प्रबळ असतो. त्यानंतर क्रम चापाचा. चाप हलका असण्यापेक्षा दर वेळी त्याच जागी, त्याच दाबाला, न अडखळता सुटणारा असणे महत्त्वाचे आहे. जड आणि जाड नळी हातात कमी डुलते, म्हणून बसून किंवा पडून सराव करणाऱ्याला ती सोयीची वाटते, पण उभ्याने तासभर धरायची असेल तर तेच वजन दंडाला भारी पडते.

बोल्ट हाताने ओढायची बोल्ट ॲक्शन रायफल की पुढचे काडतूस आपोआप भरणारी सेमी-ऑटोमॅटिक, या वादात प्रस्तुत लेखकाचा कौल बोल्टच्या बाजूने आहे. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट मागे-पुढे करावा लागल्याने हात आपोआप थांबतो आणि मागची गोळी कशी सुटली याचा विचार करायला उसंत मिळते. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये मजा अधिक आणि गोळ्यांचा खर्चही अधिक. शिवाय तिच्या यंत्रणेत मेण, काजळी आणि अर्धवट जळलेली दारू लवकर साचते. जर्मनीतील उल्म येथील अन्शुट्झ कंपनीची बोल्ट ॲक्शन रायफल ५० मीटरच्या स्पर्धेत दीर्घकाळ आघाडीवर आहे. हौशी माणसाला तिची गरज नाही, पण संधी मिळाली तर एकदा तिचा चाप ओढून पाहावा, म्हणजे चांगला चाप कसा असतो ते कळते.

दुर्बीण की उघडी साईट, हा प्रश्न वयावर आणि नजरेवर अवलंबून आहे. शिकताना उघडी साईट बरी, कारण मागची खाच, पुढची माशी (नळीच्या टोकावरचा खुंट) आणि निशाण या तिन्हींवर एकदम नजर स्थिर होऊ शकत नाही, आणि नजर माशीवर ठेवून निशाण धूसर दिसू द्यायचे हा धडा तिथेच मिळतो. स्पर्धेत मागे बारीक छिद्राची साईट आणि पुढे कडी वापरतात. चाळिशीनंतर माशी स्पष्ट दिसेनाशी झाली की दुर्बीण लावण्यात कमीपणा नाही.

यातली सर्वांत रोचक बाब म्हणजे एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या काडतुसांच्या दोन बॅचेस एकाच रायफलीतून वेगवेगळा निकाल देतात. त्यामुळे गंभीर नेमबाज चार-पाच प्रकारची काडतुसे आणून रायफल टेकवून धरतात, प्रत्येकाचे पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप ५० मीटरवर काढतात आणि ज्याचा ग्रुप सर्वांत लहान त्याच बॅचचा साठा घेतात. जलद गोळी चांगली, हा समजही इथे फसतो. ध्वनीच्या वेगाहून थोडी अधिक वेगाने निघालेली गोळी वाटेत वेग गमावताना वाऱ्याने अधिक ढळते. म्हणून अचूकतेची काडतुसे मुद्दाम ध्वनीच्या वेगाच्या आत, सेकंदाला सुमारे ३२५ मीटरच्या आसपास ठेवलेली असतात. ५० मीटरला जुळवलेली रायफल १०० मीटरवर पंधरा-वीस सेंटीमीटर खाली मारते, आणि मंद आडवा वाराही गोळी जाणवण्याइतकी बाजूला नेतो. रेंजवरील झेंडे वाचणे ही या छंदातील अर्धी विद्या आहे. ५० मीटरच्या स्पर्धेत दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिमी व्यासाचे असते.

भारतात ही रायफल बाळगण्यासाठी शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनुसार परवाना लागतो, आणि त्यासाठी किमान वय २१ वर्षे आहे. अर्ज, पोलीस चौकशी आणि काडतुसांचा हिशेब या सगळ्यांमुळे बहुतेक हौशी लोक क्लबाच्या रायफलीवर सराव करतात किंवा एअर रायफलकडे वळतात. ४.५ मिमी नळीच्या आणि २० ज्यूलच्या आत ऊर्जा असलेल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, मात्र विक्रेत्याकडे ओळखपत्र द्यावे लागते. दहा मीटरच्या निशाणावरचा दहाचा ठिपका केवळ अर्ध्या मिलिमीटरचा असतो, त्यामुळे ‘छर्ऱ्याची बंदूक’ म्हणून तिला कमी लेखणाऱ्याने एकदा तो ठिपका जवळून पाहावा. जत्रेत फुगे फोडायला मिळणाऱ्या बंदुकीवरून मात्र आपल्या नेमाचा अंदाज कोणी बांधू नये, कारण वापरून वापरून तिची माशी बहुधा सरळ राहिलेली नसते. तसेच गच्चीतून पाखरांवर छर्रे झाडणे हा खेळ नव्हे. बहुतेक रानपक्ष्यांच्या बाबतीत वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार तो गुन्हा आहे.

महाराष्ट्राचे या क्षेत्रातले स्थान वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज, पुण्यातील बालेवाडी आणि कोल्हापूर यांमुळे ठळक झाले आहे. अंजली भागवत एनसीसीतून या खेळाकडे आल्या आणि एअर रायफलमध्ये जागतिक क्रमवारीत अव्वल ठरल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोन (पालथे पडून) प्रकारात विश्वविजेतेपद मिळवले. कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक पटकावले. गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभ्याने अशा तीन स्थितींतील हा प्रकार पॉइंट टू-टूवरच खेळला जातो.

आकार लहान असल्याने या रायफलीबाबत निष्काळजीपणा लवकर शिरतो, आणि खरा धोका तिथेच असतो. तिची गोळी दीड किलोमीटरहून अधिक अंतरापर्यंत जाऊ शकते आणि पाणी, दगड किंवा गोठलेली जमीन यांवर आपटून भलतीकडे उडते. त्यामुळे मागे मातीचा भरभक्कम बांध असल्याशिवाय गोळी झाडत नाहीत. नळी नेहमी निशाणाच्या दिशेने ठेवतात, नेम लागेपर्यंत बोट चापाबाहेर राहते, आणि कोणी पुढे गेल्यास बोल्ट उघडा ठेवून रायफल खाली ठेवतात. काडतूस पेटले नाही तर बोल्ट लगेच उघडू नये. नळी निशाणाकडेच धरून अर्धा मिनिट थांबावे, कारण मसाला उशिरा पेटण्याची शक्यता असते. जुन्या रायफलीत रिकामा चाप ओढल्यास खटक्याची पट्टी नळीच्या कडेवर आपटून ती दबते, आणि पुढे काडतूस नीट बसत नाही, म्हणून अशा रायफलीत सरावासाठी खोटी काडतुसे वापरतात. सराव संपल्यावर कानाचे मफ काढण्याआधी शेजारच्या लेनमध्ये कोणी अजून झाडत नाही ना ते पाहावे, आणि काही खाण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत, कारण काडतुसांचे शिसे बोटांना लागलेले असते.