जुलैच्या पुण्यात सीपॅपची नळी का वाळत नाही?

सीपॅप म्हणजे झोपेत श्वासाची वाट उघडी ठेवायला नळी आणि मास्कमधून नाकात हवा सोडणारं मशीन. पावसाळा लागला की ते वापरणाऱ्या घरांतून एकच तक्रार ऐकू येते. मास्क धुतला, नळी धुतली, तरी रात्री मशीन लावलं की कोंदट वास येतोच. मग साबण बदलला जातो, धुण्याच्या पाण्यात जंतुनाशक पडू लागतं, कोणी नळी उकळत्या पाण्यात घालतं. खरं तर बहुतेक घरांत धुण्यात काही कमी पडत नाही, वाळवण्यात कमी पडतं.

आधी मशीनबद्दल थोडं. स्लीप अ‍ॅप्नियात झोपेत घशाचे स्नायू सैलावतात आणि श्वासाची वाट मिटते. रक्तातला ऑक्सिजन खाली येतो, मेंदू माणसाला क्षणभर जागं करतो, श्वास सुरू होतो आणि पुन्हा तेच. आजार गंभीर असेल तर हे तासाला ३० किंवा त्याहून जास्त वेळा घडतं. १९८० साली सिडनीत डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे हलक्या दाबाची हवा सतत सोडून ही वाट उघडी ठेवून दाखवली. पुढच्याच वर्षी ते काम 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आजची मशीनं त्याच तत्त्वावर चालतात. पाण्याच्या ४ ते २० सेंटिमीटर उंचीइतका दाब, बस्स. बऱ्याच जणांना वाटतं की मशीन ऑक्सिजन देतं. तसं नाही, ते तुमच्या खोलीतलीच हवा खेचतं आणि नळीतून नाकापर्यंत पोचवतं. वाटेत ओल असेल, तेल असेल, बुरशी असेल, तर तेही त्याच रस्त्याने येतं.

मास्कची सिलिकॉनची कड सकाळी उजेडात धरून बघा. जिथे ती नाकाच्या दोन्ही बाजूंना टेकते तिथे चकचकीत तेलकट पट्टा दिसेल. तो आपल्या त्वचेचा तेलकटपणा. रात्री चेहऱ्याला क्रीम किंवा डोक्याला तेल लावायची सवय असेल तर हा पट्टा जाड असतो आणि केसांवरून जाणारे पट्टेही तेल धरतात. तेलामुळे कड घसरते, हवा डोळ्यांकडे सुटते, माणूस पट्टे आणखी आवळतो आणि नाकावर वळ उठतात. म्हणून कड रोज धुवायची, तीही कोमट पाण्यात वास नसलेल्या सौम्य साबणाने. तेवढं पुरतं. स्पिरिट, ब्लीच, फिनेल, उग्र वासाची जंतुनाशकं यांतलं काहीही नको. सिलिकॉन वास आणि तेल आत शोषून घेतं, आणि आठ तास तोच वास श्वासातून आत जातो. नळी आणि ह्युमिडिफायरचं, म्हणजे मशीनमधली हवा दमट करणाऱ्या भागाचं, पाण्याचं भांडं आठवड्यातून एकदा नीट धुतलं तरी चालतं, पण भांड्यातलं शिळं पाणी मात्र रोज ओतून टाकायलाच हवं.

आता वाळवण्याकडे येऊ. हवेत वाफ मावायला ठरावीक जागा असते आणि ती तापमानाबरोबर वाढते. ३८ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत साधारण ४६ ग्रॅम वाफ मावते. पुण्यात एप्रिलच्या दुपारी आर्द्रता २० टक्के असेल, तर त्यातली ९ ग्रॅमची जागा भरलेली असते आणि ३७ ग्रॅमची मोकळी. जुलैतल्या झडीच्या दिवशी, २४ अंशांना, तेवढ्याच हवेत जेमतेम २२ ग्रॅम मावतात. आर्द्रता ९० टक्के असली तर त्यातले जवळपास २० ग्रॅम आधीच आत बसलेले असतात. उरली जागा दोन ग्रॅमची!

हे गणित नळीला लावून बघा. १.८ मीटर लांब आणि आतून १९ मिलिमीटर व्यासाची नळी म्हणजे आत अर्धा लिटर हवा. जुलैत त्या अर्ध्या लिटरमध्ये आणखी साधारण एक मिलिग्रॅम पाणी मावू शकतं. पाण्याचा एक थेंब असतो ५० मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे एकच थेंब उडून जायला नळीतली सगळी हवा निदान पन्नासेक वेळा बदलावी लागते. एप्रिलमध्ये तीनदा बदलली तरी काम भागतं. धुतलेली नळी खिडकीसमोर धरली तर आतल्या वळ्यांमध्ये असे कितीतरी थेंब अडकलेले दिसतात. ड्राय बाल्कनीत दोरीवर टाकलेल्या नळीत हवा स्वतःहून फिरत नाही. छताचा पंखा नळीच्या बाहेरून वारा घालतो, आत नाही. दिवसभर टांगूनही नळी ओली राहते ती यामुळे.

उपाय म्हणजे आतून वारा, आणि वारा सोडायचं यंत्र तर घरात आहेच. नळी आधी जोरात झटकायची, मग दांडीवर मधोमध टाकून दोन्ही तोंडं खाली लोंबती ठेवायची, म्हणजे मधल्या झोळात पाणी साठत नाही. पाणी गळायचं थांबलं की नळी मशीनला जोडायची. भांडं रिकामं आणि कोरडं, ह्युमिडिफायर बंद, मास्क काढलेला, आणि मशीन नळीपेक्षा उंचावर, म्हणजे उरलंसुरलं पाणी मोटरकडे वळणार नाही. आता मशीन चालवायचं. मिनिटाला ३० लिटर हवा धरली तरी नळीतली हवा मिनिटाला ६० वेळा बदलते. मोटरमधून जाताना ती थोडी तापते तो फायदा वेगळाच. २४ अंशांची हवा २६ वर गेली तरी वाफेसाठीची मोकळी जागा दुपटीहून जास्त होते. प्रत्यक्षात बाहेर पडणारी हवा पूर्ण भरून निघत नाही, म्हणून पावसाळ्यात १५-२० मिनिटं द्यावीत. मास्क नाही असं ओळखून काही मशीनं आपोआप थांबतात, त्यांच्या सेटिंगमध्ये ऑटो स्टॉप तेवढ्यापुरता बंद करता येतो. तापणारी नळी असेल तर ती धुता येते का, हे आधी माहितीपुस्तिकेत बघा. तिच्या टोकाला विजेची जोडणी असते.

ऊन पडलं की सगळं गच्चीवर मांडायचा मोह होतो. तो आवरा. कडक उन्हातले अतिनील किरण आणि उष्णता यांनी सिलिकॉन आणि प्लॅस्टिक लवकर खराब होतं. हेअर ड्रायरचंही तेच. सावली आणि वारा हवा, आणि धुणं सकाळीच उरकलेलं हवं, म्हणजे रात्रीपर्यंत अख्खा दिवस हाताशी राहतो.

ओलीची एवढी काळजी कशासाठी? ओल्या पृष्ठभागावर जिवाणू चिकट थर तयार करतात, त्याला जैवपटल म्हणतात. तो नुसत्या पाण्याने विसळून जात नाही. बोट फिरवल्यावर भांड्याच्या तळाला लागणारा बुळबुळीतपणा तो हाच. अस्वच्छ मशीनमुळे प्रत्येकाला छातीचा संसर्ग होतोच असं मुळीच नाही, आणि मशीन मळकं आहे म्हणून एखादी रात्र उपचार टाळणं चूक आहे. पण दमेकरी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी इथे ढिलाई करू नये. माझ्या मते मोठा धोका वेगळाच आहे. वासाला कंटाळून माणसं मशीन कोपऱ्यात ठेवून देतात.

याच भीतीवर ओझोनने किंवा अतिनील प्रकाशाने 'आपोआप निर्जंतुक' करणाऱ्या पेट्या विकल्या जातात. पैसे वाचवा. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२०मध्ये अशा उपकरणांबद्दल सावध केलं होतं. ओझोन श्वासनलिकेला झोंबतो, आणि अतिनील प्रकाश नळीच्या आतल्या वळ्यांपर्यंत सारखा पोचत नाही. २०२१मध्ये फिलिप्सने आपली लाखो मशीनं परत बोलावली, कारण आतला आवाज दाबणारा फोम झिजत होता. ओझोनने ती झीज वाढू शकते, हेही तेव्हा सांगितलं गेलं.

पाण्याची गोष्ट पुण्यात भागागणिक बदलते. खडकवासल्याच्या नळाच्या पाण्यात क्षार तुलनेने कमी. वाघोली, उंड्रीसारख्या टँकर आणि बोअरवर चालणाऱ्या भागांत पाणी जड असतं, आणि भांड्याच्या तळाशी पांढरा थर धरतो. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. उकळल्याने जंतू मरतात पण क्षार राहतात. आरओचं पाणी बरं, तरी त्यात थोडे क्षार उरतातच. म्हणून डिस्टिल्ड वॉटरच, तेही मेडिकलच्या दुकानातलं. गॅरेजमधलं बॅटरीचं पाणी नको, कारण ते श्वासासाठी बनवलेलं नसतं. थर धरलाच तर पातळ केलेल्या व्हिनेगरमध्ये भांडं थोडा वेळ भिजवून खळखळून धुवावं.

डिसेंबर-जानेवारीत उलटा प्रकार. रात्री पारा १०-१२ अंशांवर उतरतो. ह्युमिडिफायरमधून निघालेली उबदार दमट हवा थंड नळीत गेली की वाफेचं पाणी होतं, नळी गुडगुडते आणि पहाटे नाकावर थेंब पडतो. मशीन बिघडलेलं नसतं. आर्द्रतेची पायरी एक-दोनने खाली आणावी, नळीला कापडी खोळ घालावी किंवा ती पांघरुणाखालून आणावी. मशीन मात्र पांघरुणाखाली नको, त्याला हवा खेचायला मोकळी जागा लागते.

राहिला फिल्टर. पातळ पांढरा फिल्टर धुवायचा नसतो, साधारण महिन्याने बदलायचा असतो. शेजारी इमारतीचं काम चालू असेल तर आठवड्याला काढून बघा आणि करडा दिसला की महिना पूर्ण व्हायची वाट बघू नका. स्पंजचा फिल्टर धुता येतो, पण पिळून, दोन कापडांमध्ये दाबून, पूर्ण वाळल्यावरच बसवायचा. मशीन आत खेचते ती सगळी हवा त्याच्यातूनच जाते.