लॅबमधलं जैवसुरक्षा प्रशिक्षण: अर्ज कुणी करायचा, कागद कोणते जपायचे

"बायोसेफ्टीचं सर्टिफिकेट कुठं मिळतं हो?" सोलापुरात लॅब चालवणारे हा प्रश्न विचारतात आणि बहुतेक वेळा जून महिन्यातच विचारतात. जूनचं कारण पुढे येईल. आधी उत्तर देऊन टाकतो. रक्त, लघवी, थुंकी, कल्चर (म्हणजे लॅबमध्ये वाढवलेले जंतू) हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या नावानं सरकारनं द्यावं असं सक्तीचं प्रमाणपत्र जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत नाही. प्रशिक्षण द्यायची जबाबदारी नियमांनी लॅबच्या मालकावर टाकली आहे. माणूस कामावर आला की एकदा आणि त्यानंतर दरवर्षी किमान एकदा. अर्ज करायचा असतो तो लॅबच्या प्राधिकारपत्रासाठी, म्हणजे ज्याला सगळे 'बीएमडब्ल्यू (बायोमेडिकल वेस्ट) ऑथरायझेशन' म्हणतात त्यासाठी. प्रशिक्षणाचा हिशोब त्याच फाइलमध्ये दरवर्षी द्यावा लागतो. तेव्हा कुणी तासाभरात 'सरकारमान्य' लिहिलेला लॅमिनेट केलेला कागद विकायला आला, तर पैसे खिशातच राहू द्या.

लागू कुणाला

जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम २०१६ हे पर्यावरण (संरक्षण) अधिनियम १९८६ खाली निघाले, २८ मार्च २०१६ रोजी. त्याआधीचे नियम १९९८ चे होते. "आमची लॅब एका खोलीची, कचरा तो किती?" हे म्हणणं इथं चालत नाही, कारण कचरा कितीही असो, अर्ज करावाच लागतो. रुग्णालयं आणि पॅथॉलॉजी लॅब तर आल्याच. शिवाय रक्तपेढ्या, जनावरांचे दवाखाने, प्राणीगृहं, संशोधन आणि शिक्षणसंस्था, न्यायवैद्यक प्रयोगशाळा, अगदी रक्तदान आणि लसीकरण शिबिरंसुद्धा या नियमांत येतात. जयंती आणि गणेशोत्सवाला आपल्याकडे मंडळामंडळांत रक्तदान शिबिरं होतात. त्या मंडपात उरलेल्या सुया आणि कापसाचे बोळे कोण घेऊन जाणार, हे शिबिराची तारीख ठरवतानाच रक्तपेढीशी बोलून घ्यावं.

अर्जदार म्हणजे जागेवर आणि संस्थेवर ज्याचा प्रशासकीय ताबा आहे तो. नियमांच्या भाषेत 'भोगवटादार'. खासगी लॅबमध्ये तो मालक, महाविद्यालयात सहसा प्राचार्य. गाळा भाड्याचा असला तरी घरमालकाचा यात संबंध नाही.

प्राधिकारपत्राचा अर्ज

अर्ज जातो महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. सोलापुरात मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय आहे, ते पुण्याच्या प्रादेशिक कार्यालयाखाली येतं. अर्ज मंडळाच्या पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. त्याचा नमुना (फॉर्म) २, आणि मंजुरी मिळते ती नमुना ३ मध्ये. शुल्क किती ते पोर्टलवर अर्ज भरतानाच पाहावं. ऐकीव आकड्यावर विसंबू नये.

खाटा नसलेल्या संस्थेला, म्हणजे आपल्या बहुतेक लॅबना, हे प्राधिकारपत्र एकदाच घ्यावं लागतं. पूर्ण भरलेला अर्ज कागदपत्रांसह पोचल्यापासून ९० दिवसांत मंडळानं हरकत घेतली नाही, तर ते दिलं असं समजलं जातं. इथं 'पूर्ण भरलेला' हा शब्द महत्त्वाचा. मी पहिल्यांदा एका लॅबचा अर्ज भरला तेव्हा पिशवीच्या रंगानुसार दरमहा कचऱ्याच्या रकान्यात सरसकट 'अंदाजे' असं लिहून दिलं होतं. तो परत आला, आणि दिवस पुन्हा शून्यापासून. तेव्हापासून मी आधी पंधरा दिवस पिशव्या साध्या काट्यावर तोलायला लावतो आणि मगच आकडा लिहितो. खाटा असलेल्या रुग्णालयाचं प्राधिकारपत्र मात्र जल आणि वायू कायद्यांखालच्या संमतीच्या मुदतीशी जोडलेलं असतं. त्यामुळे रुग्णालयाच्या आत लॅब चालवत असाल तर ती मुदत विचारून ठेवा.

लागणारे कागद फार नाहीत, पण एकमेकांशी जुळले पाहिजेत. लॅबच्या नोंदणीचा कागद, अहवालावर सही करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टचा वैद्यक परिषदेचा नोंदणी दाखला, आणि सामायिक प्रक्रिया केंद्राचं, म्हणजे 'कचऱ्याच्या गाडी'वाल्यांचं, सभासदत्व प्रमाणपत्र. या तिन्हींवर लॅबचं नाव आणि पत्ता अक्षरशः एकसारखा हवा. एका कागदावर 'विजापूर रोड' आणि दुसऱ्यावर 'जुळे सोलापूर' असलं की विचारणा ठरलेली. अर्जाच्या नमुन्यात जागेचे अक्षांश-रेखांशही मागतात. ते मोबाइलवर लॅबच्या दारात उभं राहूनच घ्या. जागा किंवा कामाचं स्वरूप बदललं, उदाहरणार्थ नुसतं कलेक्शन सेंटर होतं आणि आता कल्चर सुरू केलं, तर मंडळाला कळवून नव्यानं प्राधिकारपत्र घ्यावं लागतं. हे बरेच जण विसरतात.

स्वतःचं इन्सिनरेटर, म्हणजे कचरा जाळायची भट्टी, बसवण्याचा विचार कुणी करत असेल तर सोडून द्यावा. सामायिक केंद्राची सेवा ७५ किलोमीटरच्या आत असेल तर तशी यंत्रणा उभारायला नियमांची मनाई आहे.

प्रशिक्षण कुणाला, कुठल्या भाषेत

माझं सगळ्यात जास्त भांडण याच मुद्द्यावर होतं. प्रशिक्षण म्हटलं की डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) झालेली मुलं समोर बसवतात, प्रोजेक्टर लावतात, इंग्रजी स्लाइड दाखवतात, शेवटी सामोसा आणि सह्या. खरी जोखीम ज्यांना असते ते तेव्हा बाहेर फरशी पुसत असतात. नियम म्हणतो, आरोग्य कर्मचारी आणि कचरा हाताळणारे इतर सर्व. बाटल्या धुणाऱ्या मावशी, तालुक्याहून सॅम्पल आणणारा मुलगा, रात्री पिशव्या बांधून खाली नेणारे मामा, हे सगळे त्यात येतात. उद्या काम सोडून जाणारा रोजंदारीवरचा माणूससुद्धा.

आणि आपलं शहर चार भाषांचं. पूर्व भागातल्या मावशी घरी तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडून येणारे कानडी, कुणी उर्दू. त्यांना 'सेग्रिगेशन' म्हणून काय कळणार? मी तरी आधी चार रंगाचे डबे समोर ठेवतो, वापरलेल्या वस्तूंसारख्याच पण स्वच्छ वस्तू टेबलावर ओततो आणि म्हणतो, टाका. सुई पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. सिरिंजचं प्लास्टिक, ग्लोव्ह्ज, नळ्या लाल पिशवीत. फुटकी काच निळ्यात. रक्तानं भिजलेला कापूस पिवळ्यात. चुकले की भाषा कुठलीही असो, शेजारचाच सांगतो. पंधरा मिनिटांत सगळं येतं. हजेरीवर 'प्रशिक्षण कोणत्या भाषेत दिले' असा एक रकाना मी स्वतःच वाढवला आहे. नियमात तो नाही, पण तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यानं मावशींना थेट प्रश्न विचारला तर उपयोगी पडतो.

लॅबवाल्यांची एक खास चूक सांगतो. कल्चरच्या प्लेटा, जंतूंचे साठे, रक्ताच्या पिशव्या हे पिवळ्यात जातं, पण तसंच नाही. आधी आपल्याच जागेवर निर्जंतुक करून, मग. आणि त्यासाठी नियम क्लोरीन नसलेलं रसायन किंवा ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करणारं यंत्र, सांगतात. आपल्याकडे सवय अशी की दिसेल त्यावर हायपो (क्लोरीनचं सोडियम हायपोक्लोराइट) ओतायचं. पिवळी पिशवी पुढे भट्टीत जाते, आणि क्लोरीनयुक्त माल जाळला की डायॉक्सिनसारखी विषारी रसायनं बनतात. त्याहून वाईट म्हणजे हायपोत भिजवलेलं तेच ऑटोक्लेव्हमध्ये कोंबणं. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि यंत्रही गंजतं. हायपो सांडलेल्या रक्तासाठी आणि टेबल पुसायला ठेवा. रोज ताजं करा, कारण उन्हात आणि उघड्या बाटलीत त्याचा जोर उतरतो.

साध्या, गुरुत्वाकर्षणावर चालणाऱ्या ऑटोक्लेव्हला कचऱ्यासाठी १२१ अंश सेल्सिअस, १५ पौंड दाब आणि किमान ६० मिनिटं लागतात. जंतू वाढवायचं माध्यम तयार करताना लावतो ती पंधरा मिनिटं इथं पुरत नाहीत. हा फरक अनुभवी टेक्निशियनही चुकतात. प्रत्येक फेरीला रंग बदलणारी पट्टी वहीत चिकटवा, तारखेसह.

आता सोलापूरचा उन्हाळा. एप्रिल-मे मध्ये पारा चाळीसच्या वर, लॅबच्या खोलीत पंखा फुल्ल. बायोसेफ्टी कॅबिनेटपुढे, म्हणजे हवेच्या प्रवाहानं जंतू आतच रोखणाऱ्या कपाटापुढे, पंखा लावला की त्याचा हवेचा पडदा फाटतो आणि कॅबिनेट नुसतं कपाट उरतं. थुंकीच्या नमुन्यावर काम करणाऱ्याला याचा धोका सगळ्यात मोठा. गरम होतं म्हणून बाह्या वर केलेले अ‍ॅप्रन, चपला घालून काम, हेही याच दिवसांत वाढतं. म्हणून वार्षिक प्रशिक्षण मार्चमध्ये घ्यावं असं माझं मत आहे. प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, हा नियमही मे महिन्यात नाकाला आपोआप पटतो.

बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटहून सॅम्पल येतात तेव्हा तीन थरांचं पॅकिंग शिकवा: नळी, तिच्याभोवती शोषून घेणाऱ्या कापसासह गळती न होणारं दुसरं भांडं, आणि बाहेर टणक डबा. टिफिनच्या पिशवीत रबर लावलेल्या नळ्या अजूनही येतात.

शिकवायला बाहेरचा माणूस आणलाच पाहिजे असं नाही; पॅथॉलॉजिस्ट शिकवू शकतो. एक गोष्ट फारशी कुणी वापरत नाही: भोगवटादारानं घेतलेल्या प्रशिक्षणाला मदत करणं हे सामायिक केंद्र चालवणाऱ्याचं नियमातलंच काम आहे. गाडीवाल्यांच्या ऑफिसला पत्र द्या आणि पोच जपून ठेवा. ज्यांना नावापुढे रीतसर काही हवं असेल त्यांच्यासाठी इग्नूचा आरोग्यसेवा कचरा व्यवस्थापनाचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे. डॉक्टर, नर्स, पॅरामेडिकल आणि बारावी झालेले इतर कर्मचारी त्याला पात्र असतात. चांगला आहे, पण तो केला म्हणून लॅबचं वार्षिक प्रशिक्षण सुटत नाही.

फाइलमध्ये काय असावं

माणसागणिक एक पान. रुजू झाल्याची तारीख, त्या वेळचं प्रशिक्षण, दरवर्षीचं प्रशिक्षण, सही किंवा अंगठा. त्याच पानाला हेपॅटायटिस बी आणि धनुर्वाताच्या लसीची नोंद आणि वार्षिक आरोग्य तपासणीचा कागद जोडा. हे दोन्ही भोगवटादाराचंच कर्तव्य आहे. हेपॅटायटिस बीचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासून आकडा १० (एमआययू प्रति मिली) च्या वर आहे का पाहावं. स्वतःची लॅब असून हे न करणाऱ्याला काय म्हणावं! नोंदी पाच वर्षं जपायच्या.

आता जून. जानेवारी ते डिसेंबर या मागच्या वर्षाचा अहवाल नमुना ४ मध्ये ३० जूनपर्यंत मंडळाला द्यावा लागतो. त्यात किती प्रशिक्षणं झाली, किती जणांना दिलं, रुजू होताना किती जणांना दिलं, आजवर एकदाही न मिळालेले किती, आणि प्रशिक्षणाची प्रमाणित पुस्तिका तुमच्याकडे आहे का, असे प्रश्न असतात. 'एकदाही न मिळालेले' या रकान्यात शून्य लिहिताना हात थांबला पाहिजे. तिथे दोन लिहून 'जुलैत दिले जाईल' असं जोडणारा अर्जदार मला जास्त विश्वासू वाटतो. हा अहवाल स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवणंही नियमांत आलं आहे. एका खोलीच्या लॅबचं संकेतस्थळ कुठून येणार हा प्रश्न रास्त, पण नियम आहे.

महाविद्यालयं आणि संशोधन

जनुकीय बदल केलेल्या जंतूंवर किंवा पेशींवर काम असेल तर रस्ता वेगळा. ते अशा जंतूंसाठीच्या १९८९ च्या नियमांखाली येतं आणि कचऱ्याच्या नियमांतून वगळलेलं आहे. तिथे संस्थेची जैवसुरक्षा समिती आधी स्थापन करून जैवतंत्रज्ञान विभागाकडे नोंदवावी लागते. समितीत संस्थाप्रमुख किंवा त्यांचा प्रतिनिधी, शास्त्रज्ञ, जैवसुरक्षा अधिकारी म्हणून एक वैद्यकीय तज्ज्ञ आणि विभागाचा नामनिर्देशित सदस्य असतो. अर्ज विभागाच्या जैवसुरक्षा पोर्टलवर. बायोटेकच्या प्रात्यक्षिकात जंतूंमध्ये प्लास्मिड (डीएनएचा छोटा गोल तुकडा) घालणाऱ्या विभागांनी हे वाचून सोडून देऊ नये.

सुई टोचली तर

प्रशिक्षणातला हा भाग मी सर्वांकडून तोंडपाठ म्हणून घेतो. बोट पिळायचं नाही, चोखायचं नाही. साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवायचं. नमुना कुणाचा होता ती नळी बाजूला ठेवायची, फेकायची नाही. एचआयव्हीची शक्यता असेल तर प्रतिबंधक औषधाचा पहिला डोस शक्यतो दोन तासांत, आणि ७२ तासांनंतर उपयोग नाही. औषध २८ दिवस. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, एआरटी केंद्र, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणारं केंद्र, आहे. पण सुई रात्री दहालाही टोचते. तेव्हा पहिला डोस कुठल्या खिडकीवर मिळतो हे आजच विचारून, नंबरासह सेंट्रिफ्यूजच्या वरच्या भिंतीला चिकटवा. हे औषध आणि सुरक्षेचं प्रशिक्षण देणं २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याच्या कलम १९ प्रमाणेही आस्थापनेवर बंधनकारक आहे. तेव्हा "तुझा निष्काळजीपणा, तू बघ" असं मालकाला म्हणता येत नाही.

कागदाचं म्हणाल तर सुई टोचणं नियमांच्या व्याख्येत 'मोठा अपघात' धरत नाहीत, त्यामुळे मंडळाला चोवीस तासांत लेखी कळवायची अट त्याला नाही. ती अट गाडी उलटणं, कचरा पाण्यात जाणं अशांसाठी. पण वार्षिक अहवालात ही घटना आणि तुम्ही काय केलंत ते लिहावंच लागतं. लॅबच्या अपघात वहीत नमुना १ मधलेच रकाने आखून ठेवा: तारीख-वेळ, काय घडलं, कुठला कचरा, काय उपाय केला, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं. वर्षभर काहीच घडलं नाही तर मोठ्या अपघातांचा निरंक अहवालही द्यावा लागतो, तोही अहवालासोबत जोडा.