सर्व्हरची रजिस्ट्री बिघडते तेव्हा: दुरुस्तीच्या मार्गांची पार्श्वभूमी

विंडोज सर्व्हर सुरू होता होता अडतो आणि 'सिस्टिम' नावाची फाइल सापडत नाही किंवा खराब झाली आहे असा निरोप देतो, तेव्हा आपण आधी दुरुस्तीचं टूल शोधायला धावतो. रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जचा साठा, आणि 'सिस्टिम' ही तिचीच एक फाइल. पण गेल्या तीस वर्षांतले मार्ग ओळीने मांडले तर वेगळंच चित्र दिसतं. खराब रजिस्ट्री आतून नीट करून सर्व्हर उभा केला, असं फार क्वचित घडतं. बहुतेक वेळा सर्व्हर उभा राहतो तो कुठेतरी चांगली प्रत शिल्लक असते म्हणून. ही प्रत कोण ठेवतं, कुठे ठेवतं आणि ती किती जुनी असते, हे विंडोजच्या दर पिढीत बदलत गेलं आहे. बरेच गोंधळ होतात ते मागच्या पिढीचा उपाय पुढच्या पिढीच्या सर्व्हरवर लावल्यामुळे.

विंडोज ३.० च्या काळात सेटिंग्ज साध्या मजकुराच्या आयएनआय फाइलींत असत. काही बिघडलं तर फाइल उघडायची आणि चुकीची ओळ काढायची. अडचणी वेगळ्या होत्या. फाइलला ६४ केबीची मर्यादा होती, जो तो प्रोग्रॅम आपली वेगळी फाइल टाके आणि कोणी काय बदलावं यावर धरबंध नव्हता. १९९२ मध्ये विंडोज ३.१ बरोबर रजिस्ट्रीचं छोटं रूप आलं आणि १९९३ मध्ये विंडोज एनटी ३.१ ने पूर्ण रजिस्ट्री आणली: सिस्टिम, सॉफ्टवेअर, सॅम (वापरकर्त्यांची खाती), सिक्युरिटी अशा वेगवेगळ्या बायनरी फाइली, ज्यांना हाइव्ह म्हणतात. युनिक्सवाले बहुतांशी मजकुराच्या फाइलींनाच धरून राहिले. अपवाद आयबीएमच्या एआयएक्सचा. तिथे ओडीएम हा सेटिंग्जचा डेटाबेस आला आणि तो बिघडायलाही लागला. मात्र लॉजिकल व्हॉल्यूमची (डिस्कवर आखलेल्या भागांची) माहिती डिस्कवरही लिहिलेली असल्याने 'सिंकएलव्हीओडीएम' कमांड चालवून ती ओडीएमशी पुन्हा जुळवता येते. म्हणजे तिथेही कामाला येते ती दुसरी प्रतच.

हाइव्ह आतून कशी असते ते पाहिलं की ती हाताने दुरुस्त करणं इतकं अवघड का, ते कळतं. पहिल्या ४,०९६ बाइट्सच्या भागात सुरुवातीला 'रेगएफ' ही खूण असते. त्यानंतर दोन क्रमांक. लिहायला सुरुवात करताना पहिला क्रमांक एकाने वाढतो आणि लिहून झाल्यावर दुसरा. दोन्ही सारखे असतील तर शेवटचं लेखन पुरतं झालेलं आहे. वेगळे असतील तर मध्येच वीज गेली, डिस्कने दगा दिला किंवा मशीन कोसळलं. याच भागातल्या पहिल्या ५०८ बाइट्सवरून काढलेला एक आकडाही तपासणीसाठी तिथेच ठेवलेला असतो. पुढे 'एचबिन' नावाचे गठ्ठे आणि त्यांत लहान लहान कप्पे. प्रत्येक कप्प्याच्या तोंडाशी त्याची लांबी, आणि ती ऋण असेल तर कप्पा वापरात आहे असं समजायचं. हे कप्पे एकमेकांकडे बोट दाखवतात, त्यामुळे मधल्या एका कप्प्याची लांबी चुकली की त्याच्यामागची अख्खी फांदी हरवते. तिथे काय होतं हे उरलेल्या बाइट्सवरून ताडता येत नाही.

म्हणून एनटीच्या रचनाकारांनी बिघाड व्हायच्या आधीचे उपाय केले. प्रत्येक हाइव्हला लॉग फाइल दिली, म्हणजे लेखन अर्धवट राहिलं तर लॉगमधून ते पुरं करता येईल. सिस्टिम हाइव्हची गोष्ट आणखी नाजूक होती. बूट लोडर (विंडोज सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) सर्वांत आधी तीच वाचतो, कारण डिस्कचे ड्रायव्हर (ती चालवणारे प्रोग्रॅम) कोणते हे तिच्यातच लिहिलेलं असतं; आणि तेव्हाच्या लोडरला लॉग वापरून हाइव्ह ताजी करता येत नव्हती. त्यासाठी एनटी आणि विंडोज २००० मध्ये 'सिस्टिम.ऑल्ट' नावाची अख्खी दुसरी फाइल शेजारीच ठेवलेली असे. एक्सपी आणि सर्व्हर २००३ चा लोडर लॉग वाचू लागला आणि ही जुळी फाइल गेली.

एनटीमधली दुसरी सोय 'लास्ट नोन गुड', म्हणजे शेवटच्या नीट चाललेल्या सेटिंग्जवर परत जाणं. सिस्टिम हाइव्हमध्ये ड्रायव्हर आणि सर्व्हिसेसच्या सेटिंग्जचे एकाहून जास्त संच असतात आणि सध्या चालू कोणता, शेवटचा चांगला कोणता, हे 'सिलेक्ट' नावाच्या कीमध्ये (रजिस्ट्रीतल्या फोल्डरसारख्या जागेत) नोंदलेलं असतं. चुकीचा ड्रायव्हर पडल्यावर हा मार्ग उत्तम चालला. पण दोन गोष्टी नेहमी विसरल्या गेल्या. सर्व्हर सुरू होऊन कोणी लॉगइन केलं, की तोच संच 'चांगला' ठरतो आणि आधीचा हातचा जातो. आणि हे संच सिस्टिम हाइव्हच्या पोटातच असल्याने ती फाइलच फुटली तर दोन्ही एकदम जातात.

तेव्हा बाहेरची प्रत म्हणजे इमर्जन्सी रिपेअर डिस्क, एक फ्लॉपी. एनटी ४ मध्ये ती 'आरडिस्क' कमांडने बनायची. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत घातक वाटतो तो इथला बारकावा: 'आरडिस्क' नुसती चालवली तर सॅम आणि सिक्युरिटी हाइव्ह ताज्या होत नसत, त्यासाठी पुढे 'एस' हा स्विच द्यावा लागे. एनटीच्या डोमेनमध्ये (एकाच खाते-यादीवर चालणाऱ्या मशीनच्या गटात) तर सगळ्या वापरकर्त्यांची खाती सॅममध्येच असायची. फ्लॉपीवर जाणाऱ्या प्रती आधी डिस्कवरच्या रिपेअर फोल्डरमध्ये ठेवल्या जात. ज्याने स्विच दिला नाही त्याच्या या फोल्डरमध्ये इन्स्टॉलेशनच्या दिवशीची सॅम पडून राही, आणि ती परत टाकली की सर्व्हर सुरू होई पण त्यानंतर बनवलेली खाती नाहीशी. स्विच दिला तर मोठ्या डोमेनची सॅम १.४४ एमबीच्या फ्लॉपीत मावेना. एनटी ४ मध्ये सॅम ४० एमबीपर्यंत वाढू द्यावी असा मायक्रोसॉफ्टचा सल्ला होता. आता फ्लॉपीचा आकार पाहा.

विंडोज २००० ने डोमेनची खाती रजिस्ट्रीतून काढून ऍक्टिव्ह डिरेक्टरीच्या वेगळ्या डेटाबेसमध्ये नेली. त्याच आवृत्तीत रिकव्हरी कन्सोल आला. ही न सुरू होणाऱ्या सर्व्हरवर फाइली हलवण्यापुरती काळी खिडकी होती. तिथे बसून कॉन्फिग फोल्डरमधली चालू हाइव्ह बाजूला ठेवायची आणि रिपेअर फोल्डरमधली तिच्या जागी आणायची, हा ठरलेला रिवाज झाला. बाहेरच्या टूल्सपैकी विंटर्नल्स कंपनीचा ईआरडी कमांडर नावाजला. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही कंपनीच विकत घेतली. हाइव्हची रचना तपासून मोडके कप्पे काढणारं 'चेकरेग' हे टूलही मायक्रोसॉफ्टने दिलं होतं. पण मोडका भाग काढला की त्यातल्या सेटिंग्जही गेल्या, त्यामुळे अशा टूलने हाइव्ह लोड होण्याजोगी झाली तरी आतलं सगळं परत येईल याची हमी नसे.

एक्सपीवर सिस्टिम रिस्टोअरमुळे चांगली प्रत आपोआप जमा होत राही. इंटरनेटवरची बहुतेक जुनी मार्गदर्शनं याच गृहीतकावर उभी आहेत. सर्व्हर आवृत्त्यांमध्ये मात्र सिस्टिम रिस्टोअर कधीच दिलेलं नाही. सर्व्हरसाठी वाट ठरवलेली होती ती सिस्टिम स्टेट बॅकअपची, म्हणजे रजिस्ट्रीसह सिस्टिमच्या मुख्य फाइलींच्या बॅकअपची: आधी एनटीबॅकअप, सर्व्हर २००८ पासून विंडोज सर्व्हर बॅकअप आणि 'डब्ल्यूबीऍडमिन' कमांड.

डोमेन कंट्रोलरवर (डोमेनची खाती सांभाळणाऱ्या सर्व्हरवर) तर जुनी प्रत हा स्वतंत्र धोका आहे. तिथून काढून टाकलेल्या खात्यांच्या खुणा ठरावीक मुदतीपर्यंतच जपल्या जातात: आधी ६० दिवस, सर्व्हर २००३ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकनंतर बांधलेल्या फॉरेस्टमध्ये (डोमेनच्या समूहात) १८० दिवस. त्याहून जुना बॅकअप वापरता येत नाही. व्हर्च्युअल मशीनचे स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या स्थितीच्या प्रती) आले तेव्हा अनेकांना वाटलं, आता एका क्लिकवर मागे जाता येईल. पण कंट्रोलर गुपचूप मागे गेला की बाकीचे कंट्रोलर त्याचे नवे बदल आधीच मिळालेले समजून सोडून देतात. सर्व्हर २०१२ ने व्हर्च्युअल मशीनला मागे गेल्यावर बदलणारी ओळख ('जनरेशन आयडी') देऊन हे पकडायची सोय केली, तीही हायपरव्हायजर (व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) साथ देत असेल तरच.

दरम्यान व्हिस्टा आणि सर्व्हर २००८ पासून विंडोज दर दहा दिवसांनी मुख्य हाइव्हची प्रत 'रेगबॅक' फोल्डरमध्ये ठेवू लागलं होतं. कोणाला काही करावं लागत नसे. रिकव्हरीच्या कमांड प्रॉम्प्टमधून रेगबॅकमधल्या फाइली कॉन्फिगमध्ये कॉपी करायच्या, हा सल्ला सगळ्यांच्या तोंडी झाला आणि त्याने खरोखर असंख्य मशीनं वाचवली.

२०१८ च्या विंडोज १०, आवृत्ती १८०३ पासून ही प्रत बनणं बंद झालं. डिस्कवरची जागा वाचवण्यासाठी हे मुद्दाम केल्याचं मायक्रोसॉफ्टने सांगितलं, पण ते पुढच्या वर्षी. मला हा निर्णय चुकीचा वाटतो, आणि त्याहून चुकीची वाटते ती त्याची शांतता. फोल्डर आहे, सिस्टिम, सॉफ्टवेअर, सॅम या नावांच्या फाइलीही आहेत, शेड्यूल केलेलं कामही यशस्वी दिसतं. फाइलींचा आकार तेवढा ० केबी. घाईत जुना सल्ला पाळणारा ऍडमिन मोडकी पण कदाचित लॉगमधून सावरता आली असती अशी हाइव्ह रिकाम्या फाइलीखाली पुसून टाकतो.

ही सोय परत चालू करता येते. सिस्टिम हाइव्हमधल्या सेशन मॅनेजरच्या 'कॉन्फिगरेशन मॅनेजर' या कीखाली 'एनेबलपीरिऑडिकबॅकअप' नावाची डीवर्ड (आकडा ठेवणारी) नोंद करून तिची किंमत १ ठेवायची आणि सर्व्हर रीस्टार्ट करायचा. त्यानंतर 'रेगआयडलबॅकअप' हे शेड्यूल केलेलं काम एकदा हाताने चालवून रेगबॅकमधल्या फाइलींचे आकार कॉन्फिगमधल्या हाइव्हच्या आसपास आहेत ना, ते पाहायचं. रेगबॅकही त्याच डिस्कवर असल्याने डिस्कच गेली तर त्याचा उपयोग नाही. त्यासाठी दुसऱ्या मशीनवर ठेवलेला सिस्टिम स्टेट बॅकअपच लागतो.