बादली, इंजिनरूम आणि समुद्राचे दीर्घ चढउतार

१८५३ साली ब्रुसेल्समध्ये दहा देशांचे प्रतिनिधी जमले. पुढाकार होता अमेरिकी नौदलातील मॅथ्यू फाँटेन मॉरी यांचा. जहाजांवरच्या हवामान-नोंदी सगळ्यांनी एकाच पद्धतीने ठेवायच्या, असे तिथे ठरले. त्या नोंदींत समुद्राच्या पाण्याचे तापमानही होते. हेतू सुरक्षित आणि जलद प्रवासाचा होता, हवामानबदल कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता. आज समुद्रपृष्ठाच्या तापमानाचा दीर्घ अभ्यास उभा आहे तो मात्र याच वह्यांवर.

मोजण्याची रीत साधी होती. बादली दोरीने सोडायची, वर ओढायची, तापमापक बुडवून आकडा लिहायचा. पण कॅनव्हासची बादली माठासारखी पाझरते. डेकवरच्या वाऱ्यात पाणी उडून जाते आणि आकडा वाचेपर्यंत उरलेले पाणी दशांशांनी थंड झालेले असते. लाकडी बादलीत हा फरक कमी पडतो. पुढे इंजिन थंड ठेवण्यासाठी आत घेतलेल्या पाण्याचे तापमान टिपले जाऊ लागले. त्यात इंजिनरूमची ऊब मिसळत असल्याने आकडा उलट किंचित चढा येई. शतकभराची वाढच एक अंशाच्या आसपास असताना हे दशांश सोडून देता येत नाहीत.

याचा सर्वांत बोलका दाखला १९४५चा. जागतिक आलेखात त्या वर्षी तापमान अचानक सुमारे ०.३ अंशांनी घसरलेले दिसे. २००८ मध्ये डेव्हिड थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी मासिक आकड्यांतून एल निनोसारख्या ज्ञात चढउतारांचा हिस्सा वजा केला, तेव्हा ही घसरण आणखीच ठळक झाली. जमिनीवरच्या नोंदींत तिचा मागमूस नव्हता. युद्धकाळात सुमारे ८० टक्के नोंदी अमेरिकी जहाजांच्या होत्या आणि त्या मुख्यतः इंजिनरूममधल्या. युद्ध संपताच ब्रिटिश जहाजांचा, म्हणजे बादल्यांचा, वाटा वाढून सुमारे निम्मा झाला. समुद्र होता तसाच होता, बदलले होते ते मोजणारे. समुद्रतापमानाच्या पुढच्या माहितीसंचांत, उदाहरणार्थ ब्रिटिश हवामान खात्याच्या २०११च्या हॅडएसएसटी-३ मध्ये, अशा दुरुस्त्यांसोबत त्यांची अनिश्चितताही आकड्यांत मांडली गेली. माझ्या मते खरी प्रगती ही दुसरी.

आकडे धुऊन पुसून घेतले तरी अवघड प्रश्न उरतोच. दशकानुदशके चालणारी वरखाली म्हणजे काही नियमित चक्र आहे का? १९७६ मध्ये क्लाउस हासेलमान यांनी दाखवले, की रोजच्या हवामानाचे यादृच्छिक धक्केच समुद्र साठवत जातो. वरच्या अवघ्या तीनेक मीटर पाण्यात अख्ख्या वातावरणाइतकी उष्णता मावते, त्यामुळे प्रतिसाद संथ येतो आणि बाहेरून काहीही न घडता तापमानाचे लांबलचक चढउतार तयार होतात. तेव्हापासून ‘चक्र’ सापडल्याचा दावा करणाऱ्याला आधी ते या संथ गोंगाटापेक्षा वेगळे आहे, हे सिद्ध करावे लागते. हासेलमान यांना २०२१ मध्ये नोबेल मिळाले.

ही चाळणी सोपी नाही. स्टीव्हन हेअर यांनी १९९६ मध्ये अलास्कातील सामन माशांचा अभ्यास करताना पॅसिफिकमधील दशकी दोलनाला नाव दिले. त्याआधी, १९९४ मध्ये, श्लेसिंजर आणि रामनकुट्टी यांना उत्तर अटलांटिकशी जोडलेले ६५ ते ७० वर्षांचे दोलन दिसले होते. पण दीडशे वर्षांच्या नोंदीत अशा फेऱ्या जेमतेम दोनच बसतात. दोन फेऱ्यांवरून नियम बांधणे धाडसाचेच. २०१२ मध्ये ब्रिटिश हवामान खात्यातील शास्त्रज्ञांनी या चढउतारांचे बरेचसे श्रेय प्रदूषणाच्या सूक्ष्म कणांना आणि ज्वालामुखींना दिले. त्यावर लगेच आक्षेपही आले, आणि वाद अजून चालू आहे.

हिंद महासागराच्या बाबतीत मात्र चित्र चक्रापेक्षा चढाचे आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवले, की १९०१ ते २०१२ या काळात त्याच्या पश्चिम भागाचे उन्हाळी (जून ते सप्टेंबरचे) तापमान १.२ अंशांनी वाढले. उष्ण कटिबंधातल्या इतर कोणत्याही समुद्रापेक्षा हा वेग जास्त आहे.