तेजसचं घोडं पात्यापाशी अडतं

नाशिकहून पिंपळगावच्या रस्त्याला लागलं की द्राक्षबागांच्या अधेमधे ओझरचा विमान कारखाना येतो. आमच्याकडे त्या भागाला लोक ‘मिग’च म्हणतात. “मिगला उतरायचंय” एवढं कंडक्टरला सांगितलं की पुरतं. १९६४ मध्ये मिग-२१ बांधण्यासाठी हा कारखाना सुरू झाला आणि विमानाचं नाव गावाला चिकटलं.

ते मिग-२१ हवाई दलातून २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला निवृत्त झालं. १९६३ मध्ये तिथेच ते दाखल झालं होतं, म्हणजे तब्बल ६२ वर्षांची सेवा. त्यानंतर लढाऊ स्क्वाड्रनची संख्या २९ वर आली. मंजूर संख्या ४२ आहे आणि एका स्क्वाड्रनमध्ये साधारण १६ ते १८ विमानं असतात, यावरून तूट किती मोठी आहे ते कळेल. तीनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, ओझरच्या धावपट्टीवरून इथे जुळवलेलं पहिलं तेजस मार्क-१ए हे देशी लढाऊ विमान आकाशात झेपावलं. त्या दिवशी मला मनापासून आनंद झाला. पण त्या विमानाच्या पोटात धडधडणारं एफ-४०४ इंजिन अमेरिकेतून आलेलं होतं, ही गोष्टही मनातून जाईना.

राफेल किती, सुखोई किती, पाचव्या पिढीचं विमान कधी, अशी आपल्याकडची चर्चा विमानांच्या नावांभोवती फिरते. माझ्या मते खरी गाठ आहे ती इंजिनाच्या आत फिरणाऱ्या, बोटाएवढ्या लांबीच्या एका पात्यात.

ही गाठ जुनी आहे. जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या नेतृत्वाखाली बंगळुरूमध्ये आखलेलं ‘मारुत’ हे लढाऊ विमान १७ जून १९६१ रोजी उडालं. त्याची बांधणी ध्वनीच्या दुप्पट वेगाच्या हिशेबाने केलेली होती. पण हव्या त्या ताकदीचं इंजिन मिळालंच नाही. कमी ताकदीच्या दोन ऑर्फियस इंजिनांवर त्याला आयुष्य काढावं लागलं, आणि ध्वनीचा वेग गाठतानाही त्याची दमछाक होई. १९७१ मध्ये लोंगेवालाच्या वाळवंटात मारुतने चोख काम केलं, तरी त्याच्या अंगात होतं ते सगळं कधी बाहेर आलंच नाही.

इंजिन एवढं अवघड का? जेट इंजिन पुढून हवा ओढतं, ती दाबतं, त्यात इंधन जाळतं आणि तापलेला वायू मागे फेकतं. वाटेत हा वायू टर्बाइनची पाती फिरवतो आणि त्या फिरण्यावरच पुढचा दाबयंत्राचा भाग चालतो. वायू जितका जास्त तापवाल तितकी तेवढ्याच वजनाच्या इंजिनातून जास्त ताकद मिळते. राफेलचं एम-८८ इंजिन सुमारे ९०० किलोचं आहे आणि ते साडेसात टनांच्या आसपास रेटा देतं. त्याच्या टर्बाइनच्या तोंडाशी वायूचं तापमान दीड हजार अंश सेल्सिअसच्याही वर असतं.

पात्यांचा निकेल मिश्रधातू १,३०० ते १,४०० अंशांच्या दरम्यान वितळू लागतो. म्हणजे धातू ज्या तापमानाला पातळ होईल, त्याहून तप्त वाऱ्यात त्याला उभं राहायचं असतं. नुसतं उभं नाही, मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे घेत. त्या गतीत एकेका पात्याला मुळापासून उपटू पाहणारा ओढा कित्येक टनांचा असतो.

पातं वितळत नाही, कारण ते आतून पोकळ असतं. दाबयंत्राकडची थोडी हवा न जाळता बाजूला काढून पात्याच्या आतल्या बारीक नागमोडी वाटांतून खेळवतात. तीही काहीशे अंशांची असते, पण वायूच्या मानाने थंडच. पात्याच्या अंगावर केलेल्या सूक्ष्म भोकांतून ती बाहेर येते आणि अंगाभोवती पातळ पांघरूण धरते. त्यावर झिरकोनियाच्या सिरॅमिकचा मिलिमीटरच्या काही दशांशांएवढा लेप.

एवढं करूनही एक शत्रू उरतो. कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी वर्षभरात झोळ धरते, तुटत नाही पण लांबते. उष्णतेत ओढा सहन करणाऱ्या धातूचंही तसंच होतं. पातं केसभर लांबलं तरी बाहेरच्या कड्याला घासेल. हे लांबणं प्रामुख्याने होतं ते धातूतल्या सांध्यांमुळे. कुठलाही ओतीव धातू असंख्य सूक्ष्म स्फटिकांचा बनलेला असतो, दगडी भिंतीसारखा, आणि उष्णतेत हे कण सांध्यांवरून एकमेकांवर सरकतात. मग सांधेच नकोत! अख्खं पातं एकच स्फटिक करायचं.

खडीसाखर कशी करतात ते आठवा. पाक घाईने निववला तर पिठीसारखे बारीक कण पडतात, सावकाश निववला तर टपोरे खडे धरतात. पात्याचंही तसंच. पंचधातूच्या मूर्तीसाठी करतात तसा आधी मेणाचा नमुना घडवतात, त्याभोवती सिरॅमिकचा साचा चढवतात, मेण काढून टाकतात आणि निर्वात भट्टीत वितळलेला धातू ओततात. मग साचा भट्टीतून खाली सरकवतात, मिनिटाला काही मिलिमीटर या गतीने. तळाशी थंड तांब्याच्या पाटावर एकाच वेळी पुष्कळ स्फटिक उगवतात. त्यांना वर जायला मळसूत्रासारखी वळणाची चिंचोळी वाट ठेवलेली असते. त्या वळणांत बाकीचे भिंतीला अडकतात आणि एकटाच वर पोचतो. तोच वाढत वाढत संपूर्ण पातं व्यापतो. मध्येच एखादा परका कण उगवला, की पातं बाद.

हे ज्ञान कुणी सहज देत नाही, आणि नुसतं पातं हाती आलं म्हणून ते उमगतही नाही. पुरणपोळी खाऊन डाळ-गूळ ओळखता येतो, पण पुरण किती आटवलं, कणीक किती तिंबली हे हाताखाली शिकल्याशिवाय कळत नाही.

तेजससाठी ‘कावेरी’ इंजिनाचा प्रकल्प १९८९ मध्ये मंजूर झाला. ८१ किलोन्यूटन (सुमारे सव्वाआठ टन) रेटा हवा होता, मिळाला सुमारे ७०, आणि वजन ठरल्यापेक्षा शंभरावर किलो भरलं. २००८ मध्ये कावेरीला तेजसपासून वेगळं केलं. लोक याला सरळ अपयश म्हणतात, ते मला अन्यायाचं वाटतं. शून्यापासून सुरुवात होती, १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर निर्बंध आले, आणि उंचीवरची चाचणी घ्यायची सोयही देशात नव्हती. त्यासाठी इंजिन रशियाला न्यावं लागलं. तिथे २०१० मध्ये ते एका आयएल-७६ मालवाहू विमानाला टांगून उडवलं. जगात इंजिनं याच रीतीने घडतात, फक्त इतरांकडे त्याचं सगळं घरचं होतं.

परावलंबनाची किंमत आता दिसते आहे. २०२१ मध्ये ८३ तेजस मार्क-१ए मागवली, आणि त्यांच्यासाठी ९९ इंजिनं. त्यातलं पहिलं इंजिन हातात पडलं ते मार्च २०२५ मध्ये, कारण अमेरिकेत या इंजिनाचं बंद पडलेलं उत्पादन पुन्हा उभं करावं लागलं. विमानांच्या उशिराला इतरही कारणं होती, पण इंजिनाविना सांगाडा उडत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ तेजसचा करार झाला. तीही याच इंजिनावर.

हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेने एकस्फटिक पाती देशात ओतली आहेत. २०२१ मध्ये हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी अशी ६० पाती विमानं बांधणाऱ्या हिंदुस्तान एरोनॉटिक्स या सरकारी कंपनीला दिली. ही बातमी वर्तमानपत्रात आतल्या पानावर आली होती. माझ्या मते ती पहिल्या पानाची होती. आता पुढच्या पिढीच्या लढाऊ विमानासाठी १२० किलोन्यूटनचं इंजिन फ्रान्सच्या साफ्रान कंपनीबरोबर घडवायचं ठरतं आहे. त्या कराराची बातमी येईल तेव्हा रकमेच्या आधी मी एकच गोष्ट शोधणार आहे: टर्बाइनची पाती कुठल्या भट्टीत ओतली जाणार, आणि तिचं तापमान ठरवणारा माणूस कुणाकडे नोकरीला असणार.