रोगकारक जिवाणूंतील विकरांचे कार्यनिर्धारण

रोगकारक जिवाणूच्या पेशीत एखादे विकर, म्हणजेच एंझाइम, नेमकी कोणती रासायनिक अभिक्रिया घडवते आणि ती थांबली तर जिवाणूचे काय अडते, हे प्रयोगाने ठरवणे म्हणजे विकराचे कार्यनिर्धारण. यात दोन प्रश्न आहेत, एक रसायनाचा आणि दुसरा रोगाचा. पहिल्याचे उत्तर परीक्षानळीत मिळते, दुसऱ्यासाठी जिवंत जिवाणूकडेच जावे लागते.

1995 मध्ये हिमोफिलस इन्फ्लुएंझी या जिवाणूचा संपूर्ण जनुकक्रम वाचला गेला, तर 1998 मध्ये क्षयाच्या जिवाणूचा. क्षयाच्या जिवाणूत सुमारे 44 लाख आधारक-जोड्या (डीएनएच्या साखळीतील एकके) आणि जवळपास 4000 जनुके निघाली, पण त्यांतल्या पुष्कळांपुढे ‘कार्य अज्ञात’ असेच लिहावे लागले. अज्ञानाचा हा पसारा केवढा आहे ते 2016 मध्ये स्पष्ट झाले. शेळ्यांना रोग करणाऱ्या मायकोप्लाझ्मा मायकॉइडिसच्या जनुकसंचावरून, जगण्यापुरतीच जनुके ठेवलेली एक पेशी तेव्हा तयार करण्यात आली. तिच्या 473 जनुकांपैकी 149 जनुके काय करतात, हे ती तयार करणाऱ्यांनाही सांगता येत नव्हते.

नव्या जनुकाला नाव देण्याचा सोपा मार्ग साम्याचा. जनुकावरून बनणाऱ्या प्रथिनातील अमिनो आम्लांचा क्रम ओळखीच्या विकराशी जुळला की त्याचेच नाव याला द्यायचे. अंदाज म्हणून हे उपयुक्त आहे, पण तो अंदाज सिद्ध झालेली गोष्ट म्हणून एका माहितीसाठ्यातून दुसऱ्यात उतरत जातो, आणि या क्षेत्रातले सर्वांत मोठे नुकसान तिथेच होते. क्षयाच्या जिवाणूतील आरव्ही1248सी या जनुकाचे उदाहरण बोलके आहे. साम्यावरून त्याच्या विकराला अल्फा-कीटोग्लुटारेट डिहायड्रोजिनेज या संकुलाचा, म्हणजे अनेक विकरांच्या जुळणीचा, भाग मानले जात होते. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शुद्ध केलेले विकर जिवाणूच्या पेशीतून काढलेल्या संयुगांच्या मिश्रणात घातले आणि कोणते संयुग घटते, कोणते नव्याने दिसते, हे वस्तुमान वर्णपटमापनाने, म्हणजे रेणूंचे वस्तुमान मोजून ते ओळखण्याच्या तंत्राने, पाहिले. ते कीटोग्लुटारेट आणि ग्लायऑक्झिलेट जोडून वेगळेच आम्ल बनवत होते. पुढे योग्य परिस्थितीत ते डिहायड्रोजिनेजचे कामही करते असे आढळले. एका विकराला एकच काम असते, हे गृहीतकही मग डळमळले. मिश्रणात विकर घालून पाहण्याच्या या पद्धतीचा मोठा गुण असा, की काय शोधायचे ते आधी ठरवावे लागत नाही.

विकराची त्रिमितीय रचना क्षकिरण स्फटिकलेखनाने कळते, आता अल्फाफोल्डसारख्या संगणकीय पद्धतींनी तिचे भाकीतही करता येते. क्रियास्थळात, म्हणजे विकराच्या ज्या भागात अभिक्रिया घडते तिथे, कोणता रेणू बसू शकेल याचा कयास त्यावरून बांधतात. पण कुलपाचा आकार कळला म्हणून किल्ली हाती आली असे होत नाही.

रोगाचा प्रश्न सोडवताना जनुक काढून टाकतात किंवा त्याची अभिव्यक्ती, म्हणजे त्यावरून विकर बनणे, दाबतात आणि मग जिवाणूचे काय होते ते पाहतात. आयसोसायट्रेट लायेज हे विकर मेदाम्लांवर गुजराण करताना लागते. त्याचे आयसीएल1 हे जनुक निकामी केलेले क्षयजिवाणू उंदरांत सुरुवातीला नेहमीसारखे वाढले, पण संसर्ग जुनाट होऊ लागल्यावर टिकले नाहीत, असे 2000 मध्ये दिसले. त्याचे जोडीदार जनुक आयसीएल2 हेही काढल्यावर मात्र त्यांना उंदरांत वाढताच आले नाही (2005). नुसते एक जनुक काढून सुरुवातीचे काही दिवस पाहिले असते, तर हे विकर बिनमहत्त्वाचे ठरले असते.

कधी औषध आधी सापडते आणि विकर मागाहून. आयसोनायझिड 1952 पासून क्षयावर वापरात आहे, मात्र ते कशावर घाव घालते याचा उलगडा 1990 च्या दशकात झाला. प्रतिरोधक जिवाणूंच्या अभ्यासातून दोन विकरे पुढे आली. कॅटजी हे कॅटॅलेज-पेरॉक्सिडेज मूळच्या निष्क्रिय औषधाला सक्रिय करते आणि ते सक्रिय रूप इनएचए या विकराला रोखते. इनएचए बंद पडले की पेशीभित्तिकेतील मायकोलिक आम्ले बनत नाहीत. म्हणजे जिवाणूचे स्वतःचेच एक विकर त्याच्यावरचे औषध तयार करत होते. प्रतिरोधाचे कोडेही यामुळे उलगडले. रुग्णांमधील प्रतिरोधक जिवाणूंत नेहमी आढळणाऱ्या उत्परिवर्तनात कॅटजीच्या 315व्या जागी सेरीन या अमिनो आम्लाऐवजी थ्रिओनीन येते. तेवढ्या बदलाने औषध सक्रिय होणे जवळजवळ थांबते, पण पेरॉक्साइडपासून जिवाणूला वाचवण्याचे विकराचे मूळ काम बरेचसे शाबूत राहते.